टाळ्या मिळाल्या, उत्तर राहिलं

ऑगस्टमध्ये मंडळाच्या वादविवाद स्पर्धेत मी चिठ्ठी उचलली. विषय होता, ‘दुसऱ्या देशाच्या अण्वस्त्रांच्या प्रश्नात महासत्तांनी हस्तक्षेप करू नये.’ बाजू अनुकूल. मला प्रतिकूल हवी होती आणि त्याचं कारण घरचंच होतं. माझा धाकटा मामा तारवटी आहे, तेलाच्या जहाजावर मोटरमन. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराणमध्ये बारा दिवस युद्ध चाललं, तेव्हा त्याचं जहाज फुजैराच्या बाहेर नांगर टाकून उभं होतं. आजी दिवसातून चारदा मला मोबाइलवर बातम्या बघायला लावायची. इराणकडे बॉम्ब असता कामा नये, मग त्याला कोणी का थांबवेना, असं तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचंच मत होतं. माझंही.

चिठ्ठी बदलून मिळत नाही. सरांकडे रड घेऊन गेले तर ते म्हणाले, “तुझ्या बाजूने बोलणारा एक माणूस अमेरिकेतच आहे. त्याच्या जुन्या चर्चा ऐक.” म्हणून रॉन पॉल ऐकले.

रॉन पॉल म्हणजे टेक्सासचे माजी खासदार. पेशाने प्रसूतितज्ज्ञ. १९६२ मध्ये क्युबाचा पेचप्रसंग झाला, त्या सुमारास त्यांना लष्करात बोलावणं आलं आणि पुढे ते हवाई दलात डॉक्टर होते. पक्ष रिपब्लिकन, पण पक्षालाच सतत अडचणीत आणणारे. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकवर हल्ला करण्याची परवानगी बुश यांना देणारा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारे रिपब्लिकन खासदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांत हे एक. (सोन्यावर आधारित चलन आणा, आयकर रद्द करा, असंही ते म्हणतात. ते मला पटत नाही, पण माझ्या चिठ्ठीवर ते नव्हतं.)

मे २००७ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या चर्चेत त्यांनी सांगितलं की ते आपल्यावर हल्ला करतात कारण आपण त्यांच्याकडे जाऊन बसलोय, दहा वर्षं इराकवर बॉम्ब टाकतोय. शेजारी उभे होते ११ सप्टेंबरच्या वेळचे न्यूयॉर्कचे महापौर रूडी जुलियानी. त्यांनी हे विधान मागे घ्यायला सांगितलं, सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पॉल यांनी मागे काही घेतलं नाही. उलट काही दिवसांनी जुलियानींना वाचायला पुस्तकांची यादी दिली! नापास झालेल्या मुलाला सर देतात तशी.

ऑगस्ट २०११ मध्ये आयोवातल्या एम्स गावी इराणचा विषय निघाला. एका उमेदवाराचं म्हणणं होतं की इराण १९७९ पासून आपल्याशी लढतोय. पॉल म्हणाले, गोष्ट १९७९ मध्ये नाही, १९५३ मध्ये सुरू होते. त्या वर्षी अमेरिका आणि ब्रिटनने मिळून मोसाद्देक यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि शहाच्या हाती सगळी सत्ता दिली. मोसाद्देक यांचा मुख्य गुन्हा म्हणजे त्यांनी इराणचं तेल इराणच्या मालकीचं केलं होतं. पुढे पॉल यांनी इराणभोवतीचे अण्वस्त्रधारी देश मोजले: चीन, भारत, पाकिस्तान, इस्रायल, शिवाय त्या भागात अमेरिका स्वतः. मग त्यालाही बॉम्ब हवासा वाटला तर त्यात नवल काय?

इथे मी व्हिडिओ थांबवला. ‘भारत’ त्या यादीत होता. दुसऱ्याच्या भीतीच्या यादीत आपलं नाव असू शकतं, हे तोवर कधी डोक्यातच आलं नव्हतं.

तिसरी चर्चा १६ जानेवारी २०१२ ची, पुन्हा साउथ कॅरोलायनातली. त्या दिवशी तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती. पॉल म्हणाले की परराष्ट्र धोरणातही सुवर्णनियम लावून बघू, जे आपल्याला कोणी केलेलं चालणार नाही ते आपण दुसऱ्या देशाला करू नये. आणि सभागृहाने हुर्यो उडवली. मी तो भाग तीनदा बघितला. साउथ कॅरोलायना हे रविवारी चर्च भरणारं राज्य. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला हा नियम आपल्याही कॉलेजच्या जिन्यात, ग्रंथालयाकडे वळताना, फळ्यावर लिहिलेला आहे. ख्रिस्ती असो की नसो, आपण सगळे रोज त्याच्याखालून जातो. तो माणसांसाठी आहे, देशांसाठी नाही, असं कोणी ठरवलं?

वर्गात एक गंमत करून बघितली. विचारलं, १९७४ आणि १९९८ मध्ये भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या ते योग्य होतं असं कोणाला वाटतं? जवळजवळ सगळे हात वर. इराणने तसंच केलं तर? दोन हात, त्यांतला एक मागच्या बाकावरचा, त्याने प्रश्न ऐकलाच नव्हता. आपण १९९८ मध्ये जगाला काय सांगत होतो? शेजारी अण्वस्त्रं आहेत, आमची सुरक्षा आम्ही बघू. अमेरिकेने आपल्यावर निर्बंध लादले तेव्हा राग आला होता, असं बाबा सांगतात. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ते पाच देश कायद्याने अण्वस्त्रधारी आणि बाकीच्यांनी हात बांधून बसायचं, हा अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा भेदभाव म्हणून आपण त्यावर सही केली नाही. इराणने मात्र केलेली आहे. म्हणजे फरक आहेच, आणि तो मी प्रामाणिकपणे भाषणात सांगितला. पण ‘शेजाऱ्याची भीती वाटते’ हा युक्तिवाद आपल्या तोंडी शहाणपणाचा आणि त्यांच्या तोंडी वेडेपणाचा, असं कसं?

स्पर्धेच्या दिवशी समोर प्रतिकूल बाजूला माझीच एक सीनियर मैत्रीण होती. तिने चौथ्या मिनिटाला बाण सोडला. “हस्तक्षेप नको म्हणणाऱ्या वक्त्या बाईंना विचारते, १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य पणजीत आलं नसतं तर आज आपण या सभागृहात मराठीत बोलत असतो का? तेव्हाही सुरक्षा परिषदेत अमेरिकेने भारताला माघारी जायला सांगणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला होता. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला म्हणून वाचलो!” सभागृह डोक्यावर घेतलं सगळ्यांनी.

मी उठून म्हटलं, “गोवा परदेश नव्हताच. स्वतःच्या घरात शिरण्याला हस्तक्षेप म्हणत नाहीत.” मलाही टाळ्या पडल्या. आम्हाला दुसरा नंबर मिळाला, तिला पहिला.

त्या रात्री मात्र ते वाक्य मलाच टोचायला लागलं. ‘ते आमचंच घर आहे’ हे तर शिरणारा प्रत्येक जण म्हणतो. २०१४ मध्ये क्रिमिया घेताना रशियाही हेच म्हणत होता. गोवा आणि क्रिमिया एक नाहीत, हे मला पक्कं माहीत आहे. इथे साडेचारशे वर्षांची वसाहत होती, आतले लोक लढत होते, १९५५ मध्ये सत्याग्रह्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, आणि दिल्लीने चौदा वर्षं वाटाघाटींची वाट बघितली होती. हे सगळं सांगायला हवं होतं. मी एक चटपटीत वाक्य टाकून सुटका करून घेतली. हस्तक्षेप कधी न्याय्य असू शकतो, हे मान्य केलं तर माझी बाजू पडेल अशी भीती वाटली. खरं तर पडली नसती. कधी न्याय्य असतो ते तपासण्याच्या कसोट्या मला मांडता आल्या असत्या.

दुसरी गोष्ट अजून अवघड आहे, आणि इथे मी पॉल यांची साथ सोडते.

ते नेहमी शीतयुद्धाचा दाखला देतात. सोव्हिएत संघाकडे हजारो अण्वस्त्रं होती, तरी आपण त्यांच्याशी बोललो, मग इराणला एवढं काय घाबरायचं? बोलणं झालं हे खरंच आहे. क्युबाच्या वेळी केनेडींनी तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं काढून घ्यायचं गुपचूप कबूल केलं आणि संकट टळलं. पण त्याच आठवड्यात, २७ ऑक्टोबर १९६२ ला, क्युबाजवळ समुद्राखाली एक सोव्हिएत पाणबुडी होती. वरून अमेरिकी जहाजं तिला वर आणण्यासाठी स्फोट घडवत होती. आत हवा कोंदलेली, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. युद्ध सुरू झालं असं समजून कप्तान अणुटॉर्पेडो सोडायला निघाला होता. वासिली आर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने त्याला अडवलं. अमेरिकेला त्या पाणबुडीवर अणुटॉर्पेडो आहे हेच माहीत नव्हतं!

पॉल याला बोलण्याचं यश म्हणतील. मला हे नशीब वाटतं. मामा जहाजावर असल्यामुळे असेल, पण मला ती खोली डोळ्यांसमोर दिसते: गरम, तेलाचा वास, थकलेली माणसं. प्रत्येक नव्या अण्वस्त्रधारी देशाबरोबर अशी एक खोली वाढते आणि तिथे आर्खिपोव्ह असेलच असं नाही. शेजाऱ्याने त्याच्या घरात काहीही करावं, हे तत्त्व घराला भिंती असतात तोवर ठीक आहे. किरणोत्साराला भिंती नसतात. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून तर जगातल्या खनिज तेलाचा साधारण एक पंचमांश हिस्सा जातो, आणि त्याबरोबर आपल्या गावांतली माणसं.

म्हणजे मग बॉम्ब टाकावेत? तेही नाही, आणि याला पुरावा आहे. जुलै २०१५ मध्ये इराण आणि सहा देशांत करार झाला. इराणने समृद्ध युरेनियमचा बहुतेक साठा देशाबाहेर काढला, समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर आणि साठा ३०० किलोवर ठेवायचं मान्य केलं, आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना आत येऊ दिलं. इराण अटी पाळतो असं ते निरीक्षक सांगत असतानाच मे २०१८ मध्ये ट्रम्प करारातून बाहेर पडले. २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांपर्यंत पोचला. २२ जून २०२५ ला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ, इस्फहानवर बॉम्ब टाकले आणि जुलैच्या सुरुवातीला इराणने निरीक्षकांशी सहकार्य थांबवण्याचा कायदा लागू केला. जिथे डोळे होते तिथे आता अंधार आहे. डिसेंबर २००३ मध्ये लिबियाने अण्वस्त्रांचा नाद सोडला आणि २०११ मध्ये नाटोच्या विमानांच्या मदतीने गद्दाफी संपला, हेही तेहरानमध्ये कोणी विसरलेलं नसणार. इथवर पॉल बरोबर आहेत, आणि हुर्यो उडवणारे चूक.

पण निरीक्षक काही आकाशातून पडत नाहीत. त्यांना पाठवायला आंतरराष्ट्रीय संस्था लागते, करार लागतो, आणि करारावर बसवायला दबाव लागतो. २०१५ च्या करारामागे निर्बंधांचा दबाव होताच. पॉल निर्बंधांना युद्धाचंच कृत्य म्हणतात आणि अमेरिकेने संयुक्त राष्ट्रसंघातूनच बाहेर पडावं असं त्यांचं मत आहे. मग इराणच्या तळघरात कोण उतरून बघणार? या प्रश्नावर त्यांच्या भाषणांत मला ‘बोला, व्यापार करा’ यापलीकडे काही सापडलं नाही. निर्बंधांनी तिथल्या सामान्य माणसांचे हाल होतात, औषधं महागतात, हे ते सांगतात तेव्हा मान खाली जाते. तरीही एका बाजूला बॉम्ब आणि दुसऱ्या बाजूला पाठ फिरवणं, यांच्या मधे किचकट कागदपत्रांची, कंटाळवाण्या बैठकांची एक जागा आहे आणि मला तिथे उभं राहायचंय. आठ मिनिटांच्या भाषणात ती जागा दिसत नाही. टाळ्याही मिळत नाहीत तिला.

मामा चतुर्थीला घरी आला होता. त्याला माझं भाषण ऐकवलं. म्हणाला, “चांगलं आहे. पण त्या बारा दिवसांत आमच्या जहाजावर एक इराणच्या बाजूचा होता आणि एक विरुद्ध बाजूचा. दोघे एकाच केबिनमध्ये. रात्री दोघेही लाइफ जॅकेट उशाशी घेऊन झोपायचे.”

मैत्रिणीला हा लेख आधी वाचायला दिला. तिने गोव्याच्या परिच्छेदापाशी पेन्सिलने लिहिलंय, ‘हे तेव्हा बोलली असतीस तर पहिला नंबर तुझा होता.’ डिसेंबरात पुन्हा भिडायचं ठरलंय. विषय तिने निवडलाय, ‘भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही करावी का?’ या वेळी चिठ्ठ्या टाकायच्या नाहीत.