सायकल सहल बंद नको, दिशा बदलू या

पालकहो, विश्वस्त मंडळातील ज्येष्ठ मंडळी आणि विद्यार्थी मित्रांनो,



गेल्या जानेवारीतल्या सायकल सहलीविषयी पालकसभेत आणि मंडळाच्या बैठकीत बरेच बोलून झाले आहे. पुढच्या वर्षी सायकली नकोत, बस करून मांडूला जाऊन यावे, अशी सूचना आली आहे. मंडळाचा निर्णय अजून व्हायचा आहे. तो होण्याआधी माझे म्हणणे ह्या अंकातून सर्वांपुढे मांडतो, कारण त्या दिवशी जे झाले त्याचा दोष मुलांचा नव्हता, सायकलींचाही नव्हता. आखणी माझी होती आणि ती चुकली होती.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. महूपर्यंत सायकली टेम्पोतून नेल्या. सकाळी आठला अकरावीची मुले-मुली महूहून निघाली आणि बडगोंद्यावरून सव्वाअकराला जाम दरवाज्याशी पोहोचली. तिथून खाली निमाड दिसतो. मुलांनी आरडाओरडा केला, फोटो काढले. घाट उतरायला वीस मिनिटेही लागली नाहीत. पायथ्याशी पोळी-भाजी झाली. मग सव्वा वाजता त्याच घाटाने परत वर निघालो, आणि शेवटचे मूल दरवाज्याशी पोहोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. दोघांना उलट्या झाल्या. एकीच्या पायात असे गोळे आले की तिला उचलून टेम्पोत बसवावे लागले, आणि ती रडत होती ती पायापेक्षा टेम्पोत बसावे लागले म्हणून. महूला साडेसात वाजले. पालक अंधारात उभे होते. त्यांना मी काय उत्तर देणार होतो?

दुसऱ्या दिवशी एक मुलगी कार्यालयात आली आणि म्हणाली, "सर, हे नकाशात आधी दिसत होतं का?" मी म्हटले, "हो, दिसत होतं." सगळ्या बैठकांत मिळून मला विचारला गेलेला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे.

नकाशात काय दिसते ते सांगतो. पुण्या-मुंबईकडच्या नातेवाइकांकडून आपण डोंगरावर जायच्या गोष्टी ऐकतो. तिथे शहर खाली असते आणि किल्ला वर. सकाळी ताज्या पायांनी चढायचे, संध्याकाळी दमल्यावर उतरायचे. आपले माळव्यात उलटे आहे. इंदूर पठारावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर. विंध्याची कड त्याहून थोडी वर, आणि मग एकदम उतार. महेश्वरला नर्मदेचा काठ जेमतेम दीडशे मीटरवर आहे. म्हणजे इथून निघणारा सायकलवाला आधी सहज कडेपर्यंत जातो, मग घाट त्याला फुकटात खाली नेतो, आणि त्याची वसुली दुपारी करतो. घाट उतरताना मुले हसत होती तेव्हाच मला हे कळायला हवे होते.

मी अंतर मोजले होते, उंची मोजली नव्हती. माझे सारे शिक्षण हिंदीतून झाले. भूगोलात मी 'समोच्च रेखा' शिकलो, इथे मुले 'समोच्च रेषा' म्हणतात, आणि दोन्ही भाषांत परीक्षेपुरते शिकून विसरण्याची सोय सारखीच आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये वीस मीटरचे अंतर असते. घाटाच्या तळापासून माथ्यापर्यंत रस्ता किती रेषा ओलांडतो ते मोजायचे आणि विसाने गुणायचे, एवढेच काम. आता गूगल अर्थवर रस्ता आखला की चढ-उताराची रेघच समोर येते. पण रेषा बोटाने मोजणाऱ्या मुलाला चढ जास्त समजतो, असे माझे मत आहे. गणिताचे आमचे सहकारी ह्यावर वाद घालतात. असो.

भौतिकशास्त्राचा तासही ह्यात आहे. मूल, सायकल आणि दप्तर मिळून ६५ किलो धरा आणि चढ ५०० मीटरचा. ६५ गुणिले ९.८ गुणिले ५०० म्हणजे ३,१८,५०० जूल, आणि हे नुसते वर जाण्यासाठी. वारा आणि टायरचे घर्षण वेगळे. सकाळी ताजे मूल ह्या कामी ९० वॉट लावू शकले तर साधारण एक तास लागतो. तेच मूल चाळीस किलोमीटर चालवून, भर उन्हात, पोटभर जेवून निम्मीच शक्ती लावू शकले तर दोन तास. कच्च्या तयारीच्या मुलांना आणि बिनागिअरच्या सायकलींना त्याहून जास्त. आमच्या साडेतीन तासांचे कोडे फळ्यावर पाच मिनिटांत सुटले असते.

तेव्हा माझी सूचना अशी. घाट तोच ठेवावा, दिशा उलटी करावी.

आदल्या दिवशी दुपारी मुले बसने आणि सायकली टेम्पोने महेश्वरला न्याव्यात. रात्री धर्मशाळेत मुक्काम. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाला मावळतो, म्हणजे हातात पावणेअकरा तास उजेड असतो. सात वाजता नर्मदेच्या काठावरून निघायचे. मंडलेश्वरपर्यंतचा रस्ता सपाट आहे, पाय मोकळे होतात. पुढे शेतांमधून हळूहळू विंध्याची भिंत समोर येत जाते. एरवी आपण तिच्या माथ्यावर राहतो, म्हणून ती आपल्याला कधी दिसतच नाही. मला विचाराल तर ह्या रस्त्याची खरी शोभा हीच आहे. दहापर्यंत पायथा आणि मग घाट. डोक्यावर ऊन येण्याआधी बराचसा चढ झालेला असेल. ज्याला ढकलत न्यायची त्याने सायकल ढकलत न्यावी, त्यात कमीपणा नाही. साडेबारापर्यंत दरवाजा, तिथेच जेवण. मग बडगोंद्याकडून महू, लहानमोठे चढउतार, पण घाट नाही. एकूण सुमारे सत्तर किलोमीटर.

हा दरवाजा १७९१ सालचा, अहिल्याबाईंच्या काळातला. त्यांची राजधानी महेश्वर, आणि निमाडातून माळव्यात येणाऱ्याला घाट संपताच ही दगडी कमान लागे. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे झाली तेव्हा आपल्या मुलांनी सुंदर भाषणे केली. त्या भाषणांतला घाट मुलांनी एकदा पायांनी चढावा, एवढीच माझी इच्छा आहे. गाडीत बसून वरून पाहिलेला दरवाजा नुसता फोटोपुरता उरतो.

ह्या दिशेचा आणखी एक फायदा आहे, तो पालकांनी विशेष ध्यानात घ्यावा. चढात मुले दमतात, पडतात ती उतारात. चढताना वेग ताशी सात-आठ किलोमीटर असतो, कोणी पडले तरी खरचटते. उतारावर ब्रेकचे रबर तापते, वळण अंगावर येते आणि समोरून ट्रक. गेल्या वेळी मी टेम्पोत बसून ते पाहिले आहे आणि ते मला पुन्हा पाहायचे नाही. नव्या आखणीत मुख्य घाट उतरणे नाहीच.

काही मंडळींनी दुसरे रस्ते सुचवले. खंडवा रोडने भेरूघाट आणि चोरल ही जागा देखणी आहे, पण त्या ट्रकांमध्ये मी एकही मूल घालणार नाही. जानापाव मात्र मला आवडते. साडेआठशे मीटरच्या आसपासची टेकडी, चंबळचा उगम. तिच्या उत्तरेचे पाणी चंबळ-यमुनेतून बंगालच्या उपसागराला जाते आणि दक्षिणेचे नर्मदेतून अरबी समुद्राला. ती पठाराच्या वर असल्यामुळे चढ आधी आणि उतार मागून, तोही लहान. नववीच्या मुलांसाठी हे उत्तम, पण आग्रा-मुंबई महामार्गाचा काही भाग टाळता येत नाही. तेवढा टेम्पोने ओलांडावा लागेल.

पावसाळ्यात जावे, तेव्हा सगळे हिरवे असते, असा मुलांचा आग्रह आहे. हिरवे असते हे खरे. पण घाटात धुके असते, रस्ता निसरडा असतो, आणि २०११ च्या जुलैत पातालपाणीला अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेल्या कुटुंबातली माणसे वाहून गेली होती, हे इंदूरकर विसरलेले नाहीत. डिसेंबरात रान पिवळे दिसते. ते चालेल.

राहिला टेम्पोचा प्रश्न, आणि मला हा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गेल्या वेळी टेम्पो म्हणजे हरलेल्यांची गाडी झाली. ह्यावेळी वेळ आधीच ठरलेली असेल: दीड वाजता जो कोणी दरवाज्याखाली असेल, तो पुढे टेम्पोने येईल. मग तो क्रीडास्पर्धेत पहिला आलेला असो की मंडळातल्या कोणाचा नातू. महूला सर्वांच्याच सायकली टेम्पोत चढतील, कारण संध्याकाळच्या गर्दीत महू-इंदूर रस्ता मुलांना देण्यासारखा नाही. मुले म्हणतील, घरापर्यंत सायकलने आलो असतो तर मजा आली असती. म्हणू द्या.

मांडूची बस नेण्यास माझी ना नाही. मांडू पाहायलाच हवे. पण बसमध्ये वेळ, पाणी, उंची, दमलेला सोबती, ह्यातले काहीच मुलांना मोजावे लागत नाही. ते ड्रायव्हर आणि आम्ही मोजतो. तो प्रश्न विचारणारी मुलगी आता बारावीत आहे आणि ह्या वेळच्या आखणीची वही तिच्याकडे आहे. समोच्च रेषा तिने मोजल्या, पाणी कुठे भरायचे ते तिने लिहिले, आणि माझ्या वेळापत्रकात तिने दोन चुका काढल्या. सात वाजता निघायचे तर मी नाश्ता साडेसहाला लिहिला होता आणि टायर तपासायला वेळच ठेवला नव्हता.

रस्ता पाहण्यासाठी येत्या रविवारी सकाळी सहाला शाळेच्या फाटकातून जीप निघेल. वही घेऊन दोन विद्यार्थी, एक शिक्षक आणि मी जात आहोत. तीन जागा रिकाम्या आहेत. ज्या विश्वस्तांनी सहल बंद करण्याची सूचना मांडली त्यांनी त्यातली एक घ्यावी, अशी माझी विनंती आहे. परतताना महूला पोहे-जिलेबी माझ्याकडून.

आपला,
प्राचार्य