बारा लिटरांचे तळे

नव्या रायपूरच्या सेक्टरांतील सदनिकांत राहावयास आलेल्या कुटुंबांपुढे एक लहानशी अडचण नेहमी उभी राहते. मुलांना काहीतरी पाळावयाचे असते आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कुत्र्या-मांजराची सोय होत नाही. मोठी मत्स्यपेटी घ्यावी, तर तिचे वजन, तिचा खर्च आणि बदलीचा हुकूम आल्यावर उडणारी तारांबळ डोळ्यांपुढे येते. अशा घरांना ह्या वेळी आम्ही एक निराळा छंद सुचवीत आहोत : पाणवनस्पती लावलेली लहानशी काचपेटी आणि तिच्यात गोड्या पाण्यातील झिंगे.

झिंगा म्हटला की पुष्कळांना कढईच आठवते. छत्तीसगढी शेजारीण ज्याला चिंगरी म्हणते, तोही ताटातलाच. येथे अभिप्रेत असलेला प्राणी मात्र जेमतेम २ ते ३ सेंटिमीटर लांबीचा असतो. त्याचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळचा तो चीन व तैवान येथील ओढ्यांतला आणि रंगाने मातकट. निवडक पैदाशीने त्याचे लाल, पिवळे, निळे वाण तयार झाले आहेत. त्याचे आयुष्य एक ते दोन वर्षांचे. दिवसभर तो शेवाळ वेचीत फिरतो. त्याचे ते इवलेसे पाय अखंड चाललेले पाहणे, हीच ह्या छंदातील मुख्य करमणूक होय.

पेटी लहान म्हणजे काम सोपे, असा समज होणे साहजिक आहे. वस्तुस्थिती उलट आहे. हौदात चिमूटभर घाण पडली तर ती विरून जाते; तीच बारा लिटर पाण्यात पडली तर विष होते. म्हणून ह्या छंदात पैशापेक्षा धीर अधिक लागतो, आणि तो झिंगे आणण्यापूर्वी लागतो.

ह्यामागील कारण समजून घेण्यासारखे आहे. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात त्याने दोन सोनमासे आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. काही दिवसांनी पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले. तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजके भाग खाऊन टाकले आणि पाणी स्वच्छ राहू लागले. गंमत अशी की, त्याच नावाच्या त्याच्या मुलाने पुढे रोथॅम्स्टेड येथील शेतकी प्रयोगकेंद्रात जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट कसे होते, ह्याचा अभ्यास केला. आणि १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की ह्या रशियन शास्त्रज्ञाने हे काम करणारे जंतू वेगळे काढून दाखविले. हेच जंतू आपल्या पेटीचे खरे भंगी, खरे राखणदार. प्राण्यांच्या विष्ठेतून व कुजणाऱ्या पानांतून निघणारा अमोनिया झिंग्यास मारक असतो. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते वनस्पती शोषून घेतात. हे जंतू रेतीत व गाळणीत वस्ती करण्यास चार ते सहा आठवडे घेतात. तितके दिवस पेटीत झिंगा असता कामा नये. मुले रोज विचारतील. त्यांना रोज नवीन पान दाखवावे.

आता मांडणी. ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद व २५ उंच अशी पेटी घेतल्यास रेती वजा जाता सुमारे बारा लिटर पाणी राहते. तळाशी तीन सेंटिमीटर धुतलेली बारीक रेती पसरावी. वनस्पतींत जावा मॉस सर्वांत उपयोगी. त्याच्या जाळ्यात पिले लपतात. त्याच्या जोडीला वॅलिस्नेरिया किंवा हायड्रिला. तळ्यातून वनस्पती उपटून आणण्याचा मोह येथे फार होतो, कारण रायपूर परिसरात तळ्यांना तोटा नाही. पण त्यांबरोबर चतुराची पाणकिडी आली, तर ती एकेक झिंगा फस्त करते. हवेच्या लहान पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी लावावी. जोराने पाणी ओढणाऱ्या यंत्रात पिले खेचली जातात. दिवा सहा ते आठ तास पुरे.

पाण्याविषयी आपल्या घरांतील एक सवय येथे घातक ठरते. तांब्याच्या हंड्यातील पाणी आपण आरोग्यदायी मानतो. झिंग्यास पाण्यात उतरलेले तांबे अल्प प्रमाणातही मारते. तेव्हा प्लॅस्टिकची बादली वापरावी. नळाचे पाणी तीत एक दिवस उघडे ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. रायपूरच्या आसपासची जमीन चुनखडकाची आहे. बलौदाबाजारकडील सिमेंटचे कारखाने त्याच खडकावर उभे आहेत. त्यामुळे येथील भूजल बहुधा जड असते, साबणास फेस येऊ देत नाही. गृहिणींची ती तक्रार झिंग्यांच्या मात्र पथ्यावर पडते, कारण कवच घडविण्यास त्यांना कॅल्शियम लागते. आर. ओ. यंत्राचे पाणी केवळ बाष्पीभवनाने झालेली तूट भरून काढण्यास वापरावे; क्षार पेटीतच राहिलेले असतात.

झिंगे आणल्यावर त्यांना एकदम पेटीत टाकू नये. पिशवीतील पाण्यात पेटीतील पाणी थेंबाथेंबाने तासभर मिसळावे. आरंभी दहा झिंगे पुरेत. काही दिवसांत तळाशी एक रिकामे, पारदर्शक शरीर पडलेले दिसेल आणि मुले रडू लागतील. तो मेलेला झिंगा नव्हे. त्याने कात टाकली आहे. ती काढू नये, झिंगे ती खातात. मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसू लागला, की सुमारे तीन-चार आठवड्यांनी थेट आईबापांच्याच आकृतीची, तिळाएवढी पिले बाहेर पडतात.

खाणे दोन दिवसांतून एकदा, चिमूटभर. उकडलेला पालक चालतो. परंतु बाजारच्या भाजीवर कीटकनाशकाचा फवारा असतो, म्हणून ती खात्रीची असावी. डास मारण्याची औषधे माणसास फारशी बाधत नसली, तरी झिंगाही कीटकांचाच दूरचा नातलग आहे. ज्या खोलीत अगरबत्ती वा द्रवाचे यंत्र लावता, तेथे पेटी ठेवू नका. तिच्यावर बारीक जाळी मात्र घट्ट बसवा. डेंग्यूचा डास घरातील स्वच्छ, साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि झिंगे त्या अळ्या संपवतील, असा भरवसा धरता येत नाही.

पेटी मांडण्यास दसऱ्यानंतरचे दिवस उत्तम. झिंग्यास २० ते २६ अंश उष्णता मानवते. तिशीपलीकडे पाण्यातील प्राणवायू घटतो आणि तो दमतो. रायपूरचा मे महिना सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, जमिनीलगत ठेवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याचा वारा सोडावा. माठ ज्या न्यायाने गार होतो, त्याच न्यायाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. वीज गेल्यास हाताने ढवळावे.

संख्या वाढून पेटी अपुरी पडली, तर जादा झिंगे शेजाऱ्यांस द्यावेत. सेंध जलाशयात वा गावच्या तळ्यात ते सोडू नयेत. जपान व जर्मनी येथे ही परकी जात मोकळ्या पाण्यात स्थिरावली आहे. आपल्या तळ्यांतील कॅरिडिना कुळातले चिमुकले झिंगे त्यांच्या जागी सुखाने नांदत आहेत. त्यांच्या घरात हा पाहुणा नको.