सिनेमात आपलं कोण आहे?

मैत्रिणींनो, निमगाव केतकीच्या एका भगिनीचं पत्र आलंय. मुलगी बारा वर्षांची, शाळेच्या स्नेहसंमेलनात फार छान काम करते. तिला सिनेमात जायचंय. पण घरचे म्हणतात, तिथं आपलं कोण आहे? सगळा वशिल्याचा कारभार!

बाई, घरच्यांचं म्हणणं खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तुमच्याच गावावरून जाणाऱ्या तुकोबांच्या पालखीच्या वाटेनं इंदापूर मागं टाकलं आणि सराटीला नीरा ओलांडली, की अकलूज येतं. तिथल्या शिक्षक आई-वडिलांची रिंकू राजगुरू शाळेत असतानाच नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ची नायिका झाली. चित्रपट २०१६ साली लागला आणि त्याच वर्षी जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाची खास दखल घेतली गेली. पुढं २०१८ मध्ये त्याच कथेवर हिंदीत 'धडक' निघाला. त्यात नायिका होती जान्हवी कपूर. आई श्रीदेवी, वडील निर्माते बोनी कपूर. आणि जान्हवीचा हा पहिलाच चित्रपट!

आता कुणाचं काम सरस, हा वाद बाजूला ठेवू या. मला आई म्हणून वेगळंच दिसतं. 'सैराट'नंतर रिंकूभोवती इतकी गर्दी होऊ लागली, की २०१७ ची दहावीची परीक्षा तिला बाहेरून द्यावी लागली. सिनेमावाल्यांच्या घरात करारनामा वाचणारं, गर्दी आवरणारं, एक चित्रपट पडला तर दुसरा मिळवून देणारं माणूस घरातच असतं. वशिल्याचं खरं मोल मला इथं वाटतं. पहिली संधी काय, अकलूजच्या मुलीलाही मिळाली!

नात्याचा हात नेहमी वाईटच असतो, असंही नाही हं. मास्टर विनायक १९४७ साली गेले, तेव्हा त्यांची नंदा लहान होती. ती बालवयातच कॅमेऱ्यापुढं उभी राहिली. १९५६ च्या 'तूफान और दिया'त तिला मोठी भूमिका मिळाली, ती नात्यातल्याच व्ही. शांताराम यांच्याकडून. आपणही भाच्याला नोकरी लागावी म्हणून शब्द टाकतोच की!

तेव्हा बाई, घरात सिनेमातलं कुणी नाही, तर ते काम तुम्हालाच करायचंय. नाव नोंदवायला किंवा फोटोंसाठी आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी २०१७ पासून नियम आहेत : जिथं चित्रीकरण, तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं घ्यायची, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांवर नाही, शाळा बुडता कामा नये. कमाईतला निदान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. त्या पावतीवर नाव मुलीचंच आहे ना, दिरांचं किंवा मामांचं नाही ना, हे तुम्ही स्वतः चष्मा लावून वाचा.