प्रबंध नेमका कुणासाठी लिहिता, सर?

माझी ताई अकोले तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वर्गात ठाकर आणि महादेव कोळी समाजाची मुलं जास्त. गेल्या दिवाळीत संगमनेरला घरी सगळे जमलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "अरे, तू दिवसभर लॅपटॉपपुढे बसतोस ना? मग मला एक शोधून दे. घरी ठाकरी बोलणाऱ्या पोरांना पुस्तकातली मराठी वाचायला कशी शिकवायची, यावर कुणीतरी अभ्यास केलाच असेल की."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, शोधणं हे माझं रोजचंच. रात्री अकराला बसलो आणि दोन वाजता चिडून उठलो.

अभ्यास झालाच नाही, अशातला भाग नाही. पीएच.डी.चा प्रबंध डिजिटल स्वरूपात द्यायचा, असा यूजीसीचा नियम २००९ पासून आहे. हे प्रबंध 'शोधगंगा' या सरकारी संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. बोली, लोकसाहित्य, मराठीचं अध्यापन यांवरचे प्रबंधही तिथे आहेत. पण मी उघडलेल्या काही फाइल म्हणजे पानांचे नुसते फोटो होते. काही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. दिसायला मराठी, पण एक ओळ कॉपी केली की 'शिक्षण'च्या जागी डॉलरचं चिन्ह, दोन इंग्रजी अक्षरं आणि एक कंस. म्हणजे डोळ्यांना ते देवनागरी आहे, मशीनसाठी मात्र कचरा. सर्च इंजिनला त्यातला 'ठाकरी' हा शब्द सापडणार कसा? युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. माझ्या जन्माच्याही आधीपासून!

दोष शोधगंगेचा नाही. तिच्यात जे सोडलं जातं, त्याचा आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी म्हण आहे. इथे आडात पाणी आहे, पण दोरच कापून टाकलाय.

"एवढं काय बिघडलं?" असं कुणी विचारेल, म्हणून ताईच्या वर्गातल्या एका मुलाबद्दल सांगतो. पहिलीत तो सहा महिने वर्गात एक शब्द बोलला नाही. ताईच्या आधीच्या शिक्षकांनी त्याला 'अप्रगत' ठरवून टाकलं होतं. मधल्या सुट्टीत मात्र त्याची बडबड थांबायची नाही. मुलगा मुका नव्हता. वर्गात जी भाषा चालायची, ती त्याच्या घरची नव्हती, एवढंच. ताईने मग एक वही केली. डावीकडे मुलांचा घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. वही भरत गेली आणि पोरगं बोलायला लागलं.

त्याच गावात काही वर्षांपूर्वी एक संशोधक येऊन गेले होते. म्हाताऱ्या बायकांकडून गाणी आणि शब्द रेकॉर्ड करून घेतले, चहा घेतला, गेले. पुढे पदवी मिळाल्याचंही गावाला कळलं. प्रबंधाची प्रत आजतागायत शाळेत आलेली नाही. जे शब्द त्या बायकांनी एका दुपारी देऊन टाकले, तेच माझ्या बहिणीला दोन वर्षं एकेक करून पुन्हा गोळा करावे लागले. मला राग या गोष्टीचा आहे.

हे एका माणसाचं पाप नाही. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीत पेपर मोजले जाऊ लागले. मग पेपर निघणारच. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, सकाळी दीपप्रज्वलन, उद्घाटनाच्या भाषणात नेवाशाचा खांब आणि ज्ञानेश्वरी, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. नंतर आयएसबीएन असलेला एक जाडजूड ग्रंथ, जो सहभागी लोकांच्या कपाटांतच राहतो. ज्या माणसाने संस्कृतातली गीता लोकांच्या भाषेत आणली, त्याचं नाव घेऊन आपण लोकांना न सापडणारं मराठी लिहितो. याची गंमत कुणालाच वाटत नाही?

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. संशोधन तज्ज्ञांसाठी असतं, ते सोपं केलं की उथळ होतं. मला पटत नाही. रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हे भक्कम संशोधन आहे, त्याला साहित्य अकादमी मिळालं, आणि विद्यापीठाबाहेरचे लोकही ते वाचतात. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणच्या बोलीवर १९७३ मध्ये पीएच.डी. केली, आणि मग त्याच फलटणमध्ये मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं, शाळा उभी केली. ज्यांची भाषा अभ्यासली, त्यांच्याकडे त्या परत गेल्या. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून लोकांचे आवाज सगळ्यांना ऐकता येतील असे नेटवर ठेवलेत. म्हणजे जमतं. ठरवलं तर जमतं.

त्या रात्री शेवटी मी इंग्रजीत शोधलं, तर समोर आला इंडोनेशिया. तिथेही घरात जावानीज, सुंदानीज आणि शाळेत बहासा इंडोनेशिया, असं कोट्यवधी मुलांचं असतं. भाषा आणि साहित्य कसं शिकवावं, यावरची त्यांची कितीतरी जर्नल्स नेटवर खुली आहेत. ती चालतात फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. बढतीसाठी पाडलेले पेपर त्यांच्यातही असणारच. पण तो मजकूर खरा मजकूर आहे, फोटो नाही. म्हणून मला त्यांची भाषा येत नसतानाही मशीनने भाषांतर करून तो फोनवर वाचता आला. जावातल्या मुलांचा अभ्यास मला मिळाला. संगमनेरपासून बसने जाता येईल अशा गावातल्या मुलांचा मिळाला नाही.

आणि आता आपण अभिजात आहोत. ३ ऑक्टोबर २०२४ ला दर्जा जाहीर झाला, तेव्हा मीही स्टेटस ठेवलं होतं. त्यासाठीचा अहवाल तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष रंगनाथ पठारे. आमच्या संगमनेरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा कादंबरीकार! अभिमान आहेच. पण आता संशोधनाला पैसा येईल म्हणतात. तो पुन्हा चर्चासत्रांच्या जेवणावळीत जाणार का?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारा. सोबत दोन पानं साध्या मराठीत लिहून घ्या : काय सापडलं, आणि वर्गात शिकवणाऱ्याला त्याचा काय उपयोग. गोळा केलेले शब्द, गाणी, रेकॉर्डिंग लोकांची परवानगी घेऊन खुली करा. आणि ज्या गावातून ती घेतली, तिथल्या शाळेत एक प्रत नेऊन द्या. पोस्टाने नको, स्वतः जाऊन.

आम्हा इंजिनिअर लोकांनीही फार मिरवू नये. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणं आमच्यासाठी अवघड नाही, पण आम्ही कंपनीच्या कामाबाहेर बोट हलवत नाही. मी सुरुवात ताईच्या वहीपासून केली आहे. तीनशे बारा शब्द टाइप करून झालेत. काही शब्दांवर तिचं आणि गावातल्या एका आजींचं एकमत होत नाही, म्हणून तिथे दोन्ही अर्थ ठेवलेत. यादी पुरी झाली की नेटवर टाकणार आहे.

ते संशोधक सर हे वाचत असतील, तर त्यांच्याकडच्या रेकॉर्डिंगची आम्हाला गरज आहे. आजींचं वय झालंय.