डोंगरावर पळून लग्न? आधी नोटीस, मग नजारा

लोकलने घोरावाडीला उतरायचे, घोरवडेश्वराचा डोंगर चढायचा आणि मित्रांसमोर एकमेकांना हार घालायचे. कल्पना छान आहे, पण कायद्याला तेवढे पुरत नाही.

हिंदू विवाह कायद्यात विधी आवश्यक आहेत. ते झालेच नसतील तर नोंदणीच्या प्रमाणपत्रानेही विवाह वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. विधी नको असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात. जादा शुल्क भरल्यास विवाह अधिकारी कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरही लग्न लावू शकतात.

अडचण अशी, की ही नोटीस कार्यालयात जाहीर लावली जाते. घरच्यांपासून लपणाऱ्या जोडप्याला तीच भोवते. ही अट जायला हवी. तोवर धमकी येत असेल तर आडबाजूचा डोंगर गाठू नका, पोलिसांकडे जा. अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष उभारण्याचे आदेश न्यायालयाने २०१८ मध्येच दिले आहेत.

आणि पावसाळा टाळा. १५ जून २०२५ रोजी जवळच्याच कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा पूल कोसळून चौघांचा जीव गेला. सही आधी करा. हार हिवाळ्यात, डोंगरावर घाला.