घरची यंत्रे : पडदा काळा का पडला?

उत्तरायणाचे दोन दिवस सरले, बडोद्याच्या आकाशातले पतंग खाली उतरले आणि त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास पुण्याहून माझ्या मावसभावाचा फोन आला. “दादा, छाणीच्या घरातले दोन कॅमेरे दिसत नाहीत. आई फोनही उचलत नाही.” मावशीचे वय 79. छाणीतल्या जुन्या घरात ती एकटीच राहते आणि मागल्या वर्षी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली होती. मुलाच्या आवाजातला कंप मला उमगला. शेजाऱ्यांना उठवले. ते जाऊन पाहतात तो मावशी गाढ झोपेत आणि फोन स्वयंपाकघरात! सर्वांचा जीव भांड्यात पडला. कॅमेऱ्यांचे कोडे मात्र उरले. ते सोडवण्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी मी दांडिया बाजारातून छाणी गाठली.

वाचकहो, असा प्रसंग आज पुष्कळ घरांत येतो. मुले परगावी, वडीलधारी घरी आणि मध्ये दुवा काय तो या यांत्रिक डोळ्याचा. तो मिटला की आपण घाबरतो किंवा लगेच नवा कॅमेरा आणायला धावतो. वास्तविक बहुतेक वेळा कॅमेरा निर्दोष असतो. दोष असतो तो विजेत, तारेत किंवा सांध्यात. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्याआधी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : नेमके किती पडदे काळे झाले?

घरच्या टीव्हीवर चित्र आहे, पण मुलाच्या फोनवर नाही, तर दोष इंटरनेटचा. टीव्हीवर चित्रे नाहीतच, वर डीव्हीआरची, म्हणजे चित्रे साठवणाऱ्या पेटीची, मुखसूचीही उमटत नाही, तर पेटी व टीव्ही यांना जोडणारी तार पाहावी आणि टीव्हीवर योग्य इनपुट निवडला आहे ना, तेही पाहावे. सूची दिसते पण सारेच कॅमेरे एकदम गेले, तर सर्वांना वीज पुरवणारा सामाईक ॲडॅप्टर संशयित. एखादाच गेला असेल, तर त्याच्यापुरताच शोध घ्यावा.

मावशीकडे ओसरी व मागील दार स्वच्छ दिसत होते. फाटक आणि बैठक या दोन चौकटींत मात्र ‘व्हिडिओ लॉस’ अशी अक्षरे होती. याचा अर्थ, पेटीपर्यंत चित्राचा संकेत पोहोचतच नव्हता. चौकट नुसतीच काळी असती आणि ही अक्षरे नसती, तर भिंगावरचे कोळ्याचे जाळे किंवा रात्रीचे बंद पडलेले दिवे यांचा विचार करावा लागला असता.

आधी फाटकाचा कॅमेरा घेतला. त्याच्या भिंगाभोवती तळहात धरून अंधार केला, तेव्हा आतले बारीक दिवे मंद तांबडे उजळले. म्हणजे वीज पोहोचत होती. मग ओसरीच्या कॅमेऱ्याची चालू तार काढून फाटकाच्या खाचेत लावली. चित्र उमटले. म्हणजे पेटीची खाचही ठीक. त्यानंतर वीज बंद करून कॅमेरा खाली उतरवला आणि हातभर तारेने थेट पेटीशी जोडला. फाटकाऐवजी माझाच चेहरा पडद्यावर आला! कॅमेरा निर्दोष, तेव्हा गुन्हेगार उरली ती मधली तार.

अगाशीवर जाताच उलगडा झाला. कठड्यावर मांज्याचा गुंता होता आणि त्याच्या ओढीने तारेचा सांधा निखळला होता. पूर्वी कोणी कारागिराने तो सांधा नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळला होता. आत पावसाळ्याचे पाणी मुरून तांबे हिरवे पडले होते. मांजा हे केवळ निमित्त. खराब भाग कापून नवे बीएनसी कनेक्टर बसवले, सांधा बंद डबीत ठेवला आणि डबीआधी तारेला खाली झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. (शिडीवर चढण्याचे काम वयस्करांनी करू नये आणि घरच्या मुख्य विजेस वायरमननेच हात लावावा.)

आणखी एक खूण ध्यानी ठेवावी. दिवसा चित्र येते व अंधार पडताच जाते, असे झाले तर ॲडॅप्टर अशक्त झाला असे समजावे. रात्री ते बारीक दिवे पेटतात आणि विजेची मागणी वाढते. अशा वेळी कॅमेऱ्याच्या टोकाशी 12 व्होल्टच्या आसपास दाब मिळतो का, हे वायरमनकडून मोजून घ्यावे.

आता बैठकीचा कॅमेरा. त्याची वीज वेगळी. मावशी पडली त्यानंतर मुलाने तो काळजीपोटी बसवला होता. त्याच्या ॲडॅप्टरवरचा दिवा विझलेला होता. मी खाटेमागे वाकून पाहिले, तो बटणच बंद! मी काही बोलण्याआधी मावशी म्हणाली, “अरे, मीच बंद केलं. हळदीकुंकवाच्या बायका आल्या होत्या. त्या डोळ्याकडे बघून गप्प गप्प बसायच्या. बंद केलं, आणि किती दिवसांनी सगळ्या मोकळेपणी हसल्या! रात्री मीही पदराची चिंता न करता निजले. पोराला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.”

मला उत्तर सुचेना. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहत असे. नवरा-बायको दोघांच्याही कामाच्या वेळा अवेळीच्या. दार वाजले की घरात एकटी असताना ते उघडावे की नाही, या भीतीतून तिने पतीच्या साहाय्याने दारावर नजर ठेवणारी कॅमेऱ्याची योजना आखली. 1966 साली अर्ज केला आणि 1969 साली तिला पेटंट मिळाले. त्या योजनेत कॅमेरा दाराबाहेरच्या माणसाला पाही आणि पडदा घरातल्या बाईपाशी असे. पाहणारी तीच होती. आपण मात्र तोच डोळा आत वळवून घरच्या बाईवर रोखला.

मावशीच्या संमतीने मी त्याच रात्री भावाला सारे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, “दादा, तो बाहेरच्या दाराकडे वळव. मी रोज सकाळी आठला आईला फोन करीन.” कॅमेरा वळवला आणि एक छोटा पडदा मावशीच्या खाटेपाशी बसवला. आता फाटकाशी कोण आले, हे तिला पडल्या पडल्या दिसते. सकाळी आठला फोन वाजतो, आणि हल्ली तो तिच्या उशाशीच असतो.