पात्याची पारख आणि लोहाराचा लौकिक

जुनी-नवी पाती, अडकित्ते आणि कट्यारी हौसेने जमविणाऱ्या मंडळींत एक वाद नेहमी निघतो, तो असा की, पाते कितीही उत्तम उतरलेले असले तरी ते घडविणारा मनुष्य व्यसनी, कज्जेदलाल किंवा बदलौकिकाचा असेल, तर सद्गृहस्थाने ते विकत घ्यावे की न घ्यावे. या वादात कारागिराच्या चारित्र्याची चौकशी मागणारे लोक सद्हेतूनेच बोलत असतात, याविषयी मला शंका नाही. परंतु जेथे विवेकाने जागे राहावयाचे तेथे तो निजतो आणि जेथे त्याचे काहीच काम नाही तेथे तो पहारा देत बसतो, अशी त्यांची स्थिती झाली आहे, हे निदान त्र्यंबकेश्वराच्या माणसाने तरी स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

कारागिराच्या लौकिकाला मुळीच किंमत नाही, असे माझे म्हणणे नाही. नाशिक-त्र्यंबक रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याच्या भट्टीशी थोडा वेळ उभे राहिले, म्हणजे ती किंमत कशाची हे ध्यानात येते. मालमोटारीच्या मोडक्या कमानीचा पाटा निखाऱ्यांत लालबुंद होतो, घरधनी तो सांडशीने ऐरणीवर धरून हातोडीच्या हलक्या ठोक्याने घाव कोठे पडावा ते दाखवितो, आणि त्या जागी पदर खोचून उभी असलेली त्याची कारभारीण दोन्ही हातांनी घण उचलून घाव घालते. पाते आकारास आले की ते पुन्हा तापवून त्याची धारेकडची बाजू तेवढी पाण्यात बुडवावयाची, ती घासून उजळ करावयाची, आणि मागच्या अंगची धग पुढे सरकताना तिच्यावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा असा जो रंग चढत जातो तो डोळ्यांत तेल घालून पाहत, नेमक्या क्षणी ते पुन्हा पाण्यात घालावयाचे. हा क्षण लवकर धरला तर धार ठिसूळ राहून तिचा टवका उडतो, उशिरा धरला तर ती वळते; आणि सहाणेवर पाते एकदा घासले गेले, म्हणजे त्या रंगाचा मागमूसही उरत नाही. विकत घेणाऱ्याच्या हाती तेव्हा केवळ कारागिराचा शब्द असतो. हा शब्द खरा ठरत आला आहे की नाही, एवढाच लौकिक गिऱ्हाइकाने पाहावयाचा.

आमच्या जुन्या ग्रामव्यवस्थेने तो नेमका असाच पाहिला होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' लिहून ज्या बलुतेदारीचे चित्र काढले, तीत लोहाराला खळ्यावर वर्षाचे बलुते मिळे, आणि त्याबद्दल कुणब्यांचे फाळ, विळे, कुऱ्हाडी वेळेवर पाजवून देण्याचा बोजा त्याच्यावर असे. ती व्यवस्था जातिबद्ध आणि अनेक अंगांनी अन्यायी होती, तिचा मी पुरस्कार करीत नाही. पण ऐन सुगीत विळा बोथटला तर जाब कामाचाच विचारला जाई. याउलट माणसाच्या चारित्र्यावरून त्याची पारख करण्याचा सरकारी प्रयोगही या देशाने पाहिला आहे. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांची नावे दफ्तरी दाखल केली, हजेऱ्या लावल्या, आणि तो कायदा 1952 साली रद्द झाला तरी लोकांच्या मनातील दफ्तर अद्याप बंद झालेले नाही. पालावरच्या लोहाराविषयी 'ही माणसे बरी नव्हेत' असे जेव्हा कोणी संग्राहक कानात सांगतो, तेव्हा तो लौकिक त्या माणसाच्या वर्तनातून आला की त्या दफ्तरातून, हे विचारल्यावाचून मला राहवत नाही.

लौकिकावर भिस्त ठेवण्याचा आणखी एक परिणाम पाहण्यासारखा आहे. मराठ्यांच्या फिरंग तलवारींची पाती पुष्कळदा युरोपातून येत, आणि अशा पात्यांपैकी काहींवर आंद्रेया फेरारा या सोळाव्या शतकातील इटालियन कारागिराचे नाव आढळते. पण त्या नावाची ख्याती एवढी झाली की ज्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता अशा लोहारांनीही ते आपल्या पात्यांवर उठविले. जपानात नेमके उलट घडले. मुरामासा या लोहाराच्या तलवारी तोकुगावा या सत्ताधारी घराण्याला अशुभ असा प्रवाद पसरला, तेव्हा त्या बाळगणाऱ्यांनी जीव मुठीत धरून पात्याच्या मुळाशी कोरलेली त्याची सही खरवडून किंवा बदलून टाकली. एकीकडे खोटे नाव चढले, दुसरीकडे खरे नाव पुसले गेले, आणि दोन्हीकडे हानी झाली ती कारागिरीच्या इतिहासाची. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांपुढे उभे राहिले, म्हणजे मन निवते ते यामुळेच. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी हयातभर खपून ते जमविले, आणि घडविणारे बहुधा निनावी असूनही त्या वस्तूंचे मोल तिळमात्र उणे झालेले नाही.

आता त्र्यंबकेश्वराची गोष्ट. 'नासक' नावाने जगभर प्रसिद्ध झालेला हिरा परंपरेने आमच्या या ज्योतिर्लिंगाच्या देवळातला. 1818 साली पेशवाई बुडाली आणि तो कंपनी सरकारच्या हाती पडून लंडनला गेला. पुढे वेस्टमिन्स्टरच्या सरदार घराण्यात नांदला. 1940 साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने त्याला नव्याने पैलू पाडले, आज तो 43.38 कॅरटचा आहे. आणि 1970 साली न्यूयॉर्कच्या लिलावात 5 लाख डॉलरांना विकला गेला. तो मूळच्या धन्यांकडून कोणत्या मार्गाने सुटला हे कोणापासून लपलेले नव्हते, तरी त्याला गिऱ्हाइकाची वाण कधी पडली नाही. एखादा लोहार दारू पितो म्हणून त्याची सुरी नाकारणारा आणि लुटीचा ऐवज अभिमानाने कपाटात मिरविणारा संग्राहक एकच असू शकतो, ही मला आपल्या रसिकतेची मोठी अवनती वाटते. वस्तू आपल्या हाती कशी आली, मधल्या कोणाचा हक्क बुडाला, ही विचारणा प्रत्येक खरेदीच्या वेळी झाली पाहिजे; ती केलेली मात्र फार क्वचित ऐकू येते.

हयात कारागिराच्या बाबतीत आक्षेप निघेल की, आपला पैसा प्रत्यक्ष त्याच्या हाती जातो. आक्षेप योग्य आहे. ज्याने कोणावर घोर अत्याचार केला आणि पीडिताला अद्याप न्याय मिळालेला नाही, त्याला आपला पैसा नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि मी स्वतः तो बजावीन. जो दुसऱ्याने घडविलेल्या पात्यावर आपला शिक्का मारतो, किंवा नव्या पात्याला आम्ल लावून गंज चढवितो आणि पेशवाईतले म्हणून विकतो, त्याच्याकडून तर कवडीचाही जिन्नस घेऊ नये, कारण तेथे लबाडी वस्तूच्या अंगात शिरलेली असते. पण त्याचा गृहकलह, त्याचा तापट स्वभाव, त्याची जात, त्याचे राजकीय मत यांची जाबजबानी घेण्याचा अखत्यार आपल्याला कोणी दिलेला नाही.

आणि चौकशीची हौसच असेल, तर ती भट्टीपाशी पुरी करावी. पोलाद कोठून आणले, पाणी कोणी दिले, मूठ कोणी बसविली हे विचारून संग्रहाच्या नोंदवहीत लिहावे. आणि घरधन्याचे नाव लिहून झाल्यावर, जिच्या घणाने ते पाते आकारास आले त्या बाईचे नावही तिलाच विचारून त्याच ओळीत लिहावे. आजवर माझ्या पाहण्यात आलेल्या एकाही नोंदवहीत ते नाही.